किनाऱ्याजवळ येता येता वादळ एकदम का माजतं?

डिसेंबर 2017च्या सुरुवातीला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला परक्या बोटी येऊन लागल्या. 68 बोटी, 952 माणसं. दोन बोटी तामिळनाडूच्या, बाकी सगळ्या केरळच्या. 'ओखी' वादळाच्या तडाख्यातून वाट काढत त्यांनी कोकणचा आसरा घेतला होता. हे नशीबवान. दक्षिणेकडचे शेकडो मच्छीमार परतलेच नाहीत.

ओखीची टिपणं वाचताना वेळापत्रकापाशी थांबायला होतं. 29 नोव्हेंबरला श्रीलंकेच्या आग्नेयेला एक डिप्रेशन तयार झालं. डिप्रेशन म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राच्या पुढची पायरी, ज्याची बातमी आपण फारशी मनावर घेत नाही. 30 तारखेच्या सकाळी ते कन्याकुमारीपासून जेमतेम 60 किलोमीटरवर असताना चक्रीवादळ झालं. 1 डिसेंबरला लक्षद्वीपजवळ ते अतितीव्र झालं होतं. खोल समुद्रात आठ-दहा दिवसांच्या फेरीला गेलेल्या बोटी या सगळ्याच्या आधीच निघालेल्या, आणि किनाऱ्यावरच्या वायरलेसच्या टप्प्याबाहेर. इशारा दिला, तरी तो पोचायचा कुणापर्यंत?

वादळ अशा झपाट्याने वाढतं त्याला हवामानशास्त्रात 'रॅपिड इंटेन्सिफिकेशन' म्हणतात. त्याची मोजपट्टी ठरलेली आहे: 24 तासांत वाऱ्याचा वेग किमान 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरने वाढला पाहिजे. आकडा वाचून फारसं काही वाटत नाही. पण आपल्या हवामान खात्याच्या पायऱ्या पाहा. ताशी 62 किलोमीटरला चक्रीवादळ, 89ला तीव्र, 118ला अतितीव्र. म्हणजे आज संध्याकाळी 65च्या वेगाचं 'साधं' चक्रीवादळ उद्या संध्याकाळी 120वर, थेट अतितीव्र. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुपटीपेक्षा थोडा कमी वाढला, तरी घराच्या पत्र्यावर आणि परसातल्या माडावर येणारा जोर जवळपास साडेतीनपट होतो. काल पाहिलेली बातमी आज नुसती शिळी नसते, ती दिशाभूल करणारी असते.

याचं अलीकडचं सगळ्यात भयंकर उदाहरण मेक्सिकोचं आहे. 24 ऑक्टोबर 2023च्या सकाळी पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत 'ओटिस' हे मध्यम ताकदीचं वादळ होतं. अकापुल्को हे जवळपास दहा लाख वस्तीचं, पर्यटकांनी भरलेलं शहर समोर. वादळ फार वाढणार नाही, असं अंदाज वर्तवणारी बहुतेक संगणकी मॉडेलं सांगत होती. दुपारी अमेरिकेचं टेहळणी विमान वादळात शिरलं, तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून वाटलं होतं त्यापेक्षा ते कितीतरी बळावलेलं निघालं. मध्यरात्र उलटता उलटता ते पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत अकापुल्कोजवळ जमिनीवर आलं, ताशी 260 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यांसह. लोकांना सावरायला मिळाले ते काही तास, तेही रात्रीचे.

असं होतं कसं?

सुरुवात वाफेपासून. वादळाचं इंधन म्हणजे समुद्रावरून वर जाणारी वाफ. 30 अंशांचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे आठपट उष्णता ते पाणी वाफ होताना स्वतःत साठवून घेतं. वर गेल्यावर वाफेचे पुन्हा थेंब झाले, ढग बनला, की साठवलेली सगळी उष्णता तिथे मोकळी होते. हवा तापते, हलकी होते, आणखी वर चढते. खाली दाब कमी होतो, म्हणून आजूबाजूची हवा आत धावते. धावणारी हवा समुद्रावरून आणखी वाफ उचलते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही आत येणारी हवा सरळ न येता वळते आणि चक्र फिरू लागतं. विषुववृत्ताला अगदी खेटून चक्रीवादळं होत नाहीत ती याचमुळे. तिथे हे वळण देणारं बल नसल्यात जमा असतं.

वारा वाढला की वाफ वाढते, वाफ वाढली की वारा वाढतो. मग खरा प्रश्न उलटा विचारायला हवा: सगळीच वादळं दिवसभरात राक्षसी का होत नाहीत? कारण त्यांना ब्रेक लागलेले असतात. बहुतेक वादळं आपल्या कमाल ताकदीपर्यंत कधीच पोचत नाहीत. झपाट्याने तीव्र होणाऱ्या वादळात वेगळी काही जादू घडत नाही. सगळे ब्रेक एकाच वेळी सुटलेले असतात, एवढंच.

पहिला ब्रेक समुद्र स्वतःच लावतो. वादळासाठी पाण्याचं तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पुस्तकात नसतं ते असं, की नुसता पृष्ठभाग गरम असून भागत नाही. वादळाचा वारा समुद्र ढवळून काढतो. वरचा गरम थर पातळ असेल, तर खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळ आपलंच इंधन विझवून घेतं. रेंगाळणारी वादळं पुष्कळदा अशीच मंदावतात. पण गरम पाणी पन्नास-साठ मीटर किंवा त्याहून खोलवर असेल, तर कितीही ढवळा, वर गरमच पाणी येणार. म्हणून शास्त्रज्ञ नुसत्या पृष्ठभागाच्या तापमानावर समाधान मानत नाहीत. समुद्राच्या वरच्या थरांत मिळून किती उष्णता साठली आहे, ते मोजतात.

समुद्राची ही खोली बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही. टीव्हीवर लालभडक नकाशा दाखवतात, तो फक्त पृष्ठभागाचा. खरी गोष्ट त्याच्या खाली असते, आणि आपल्या दोन्ही समुद्रांत ती फार गमतीची आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात येतं. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर थर करून राहतं, पटकन मिसळत नाही. या हलक्या थराच्या खाली एक खारा पण अजूनही गरम असा थर असतो आणि खरं थंड पाणी त्याच्याही खाली अडकून पडतं. या मधल्या थराला 'बॅरियर लेयर' म्हणतात. वादळ आलं, समुद्र ढवळला, तरी थंड पाण्यापर्यंत हात पोचत नाही. वर येतं ते या मधल्या थरातलं गरम पाणी. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की असा थर असलेल्या भागात वादळं सुमारे 50 टक्के अधिक वेगाने तीव्र होतात.

हेच कमी खारट पाणी हिवाळ्यात प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून केरळ-लक्षद्वीपच्या समुद्रात शिरतं. म्हणजे हिमालयात पडलेल्या पावसाचं थोडं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचून वादळांसाठी अंथरूण घालून ठेवतं. पुढे फेब्रुवारीपासून ऊन चढतं, वारा मंद असतो, आणि वरचा हलका थर तापत जातो. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात पाण्याचं तापमान 30 अंशांच्या वर जातं. शास्त्रज्ञ या भागाला छोटा उष्ण कुंड म्हणतात. मोसमी पाऊस केरळात दाखल होण्याआधीचे हे आठवडे, आणि नेमका याच पट्ट्यात मे 2021मध्ये 'तौक्ते'चा जन्म झाला.

दुसरा ब्रेक वरच्या हवेचा. वादळ हा पंधरा-सोळा किलोमीटर उंचीचा फिरता खांब असतो. खालचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असेल, तर खांब तिरपा होतो, वरचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मोकळी झालेली उष्णता मग केंद्रावर साठत नाही, वाहून जाते. याला विंड शिअर म्हणतात. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह असतो. शिअर इतका, की जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात मोठं चक्रीवादळ उभं राहत नाही. त्यात मोसमी वाऱ्यांनी समुद्रही थंड केलेला असतो. म्हणून आपल्या समुद्राला वादळांचे दोन हंगाम: पावसाच्या आधी मे-जून, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. तिसरा ब्रेक कोरड्या हवेचा. अरबस्तान किंवा वायव्य भारताकडून कोरडी हवा मध्यावर घुसली, की ढगांची वाढ तिथेच खुंटते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता ब्रेक सुटल्यावर आत काय होतं ते बघू. वादळाच्या केंद्राभोवती ढगांची एक भिंत असते. तिच्या आत डोळा, जिथे वारा पडलेला आणि कधीकधी निळं आकाशही दिसतं. सगळ्यात जोराचा वारा या भिंतीखाली. भिंतीतले ढग सगळ्या बाजूंनी सारखे वाढले, मधली उष्णता केंद्रातच साठत गेली, की भिंत आकसू लागते. फुगडी घालताना दोघी हात आखडून जवळ सरकल्या की गिरकी आपोआप वाढते, तसंच. घेर कमी झाला की वेग वाढतो. म्हणून आटोपशीर, लहान केंद्राची वादळं फार झटकन माजतात. तशीच ती झटकन कोसळूही शकतात. ओटिसचा घेर लहान होता. पसरट, ढिल्या केंद्राच्या वादळाला मात्र आवळून यायलाच वेळ लागतो.

मग किनारा मध्ये कुठे आला? वादळ जमिनीजवळ आलं की कमजोर होतं, असा एक सर्वसाधारण समज आहे. जमिनीवर चढल्यावर ते खरं; वाफ तुटली की वादळ संपत जातं. पण किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर वादळाला जमीन कळतच नाही, त्याला कळतं ते पाणी. आणि किनाऱ्यालगतचं उथळ पाणी उन्हाळ्यात तळापर्यंत तापलेलं असू शकतं. तसं असेल तर ढवळून थंड पाणी वर आणायला ते मुळात असतच नाही. जगभरच्या किनाऱ्यांपासून 400 किलोमीटरच्या आतल्या समुद्राचा अभ्यास 2023मध्ये प्रसिद्ध झाला. 1980 ते 2020 या काळात या पट्ट्यात वादळं झपाट्याने तीव्र होण्याच्या घटना साधारण तिपटीने वाढल्या, असं त्यात आढळलं. भर समुद्रात वादळ माजलं, तर निदान दोन-तीन दिवस हाताशी असतात. किनाऱ्याजवळ माजलं, तर संपलं.

तौक्तेने पश्चिम किनाऱ्याला समांतर प्रवास केला, ही त्याची खोड. लक्षद्वीप, केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण, मुंबई करत ते उत्तरेला गेलं आणि सबंध वाटेवर त्याला गरम पाणी मिळत राहिलं. 14 मेला डिप्रेशन, मध्यरात्रीच्या सुमारास चक्रीवादळ, 16 तारखेच्या पहाटे अतितीव्र, 17 तारखेच्या पहाटे त्याच्याही वरची पायरी. त्या दिवशी ते मुंबईच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या आसपास होतं. म्हणजे मुंबईवर ते आलंच नाही, नुसतं बाजूने गेलं. तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला, मे महिन्यातला विक्रम. मुंबई हायच्या बाजूला तेलक्षेत्रात 'पी-305' हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची सपाट तळाची मोठी बोट, नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर 261 माणसं होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून त्यातल्या 180हून अधिक जणांना बाहेर काढलं. सत्तरच्या वर माणसं गेली. तौक्तेचे इशारे ते जन्माला येण्याआधी दोन-तीन दिवस दिले जात होते, हे इथे नोंदवायला हवं. अंदाज चुकला म्हणून झालेली ही दुर्घटना नव्हती.

त्याआधीचं 'निसर्ग' वेगळं. 1 जून 2020ला डिप्रेशन, 2 जूनच्या दुपारी चक्रीवादळ, 3 जूनच्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर. नाव मिळाल्यापासून धडकेपर्यंत साधारण एक दिवस. वारे ताशी 110च्या आसपास, झोत 120चे. 55च्या मोजपट्टीत निसर्ग बसत नाही, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ते या लेखाचं उदाहरणच नव्हे. पण मोजपट्टी ही शास्त्रज्ञांच्या सोयीची. दिवेआगरातल्या वाडीवाल्याला तिचं काय? पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, असं तेव्हा लोक सांगत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही जवळपास तेवढीच.

आणि 'क्यार' तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत. ऑक्टोबर 2019मध्ये ते कोकण किनाऱ्यासमोर तयार झालं. 25 तारखेला रत्नागिरीपासून साधारण 200 किलोमीटरवर होतं. 27 तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं वादळ झालेलं होतं, 2007च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रातलं पहिलं. आपल्याला त्याची आठवण फक्त दिवाळीतल्या पावसाची आणि भिजलेल्या भाताची, कारण ते ओमानच्या दिशेला गेलं आणि समुद्रातच विरलं. त्याने पश्चिमेऐवजी पूर्वेची वाट धरली असती तर काय झालं असतं, याचा विचार कोकणातल्या आपत्ती व्यवस्थापनाने जरूर करावा. माझ्या मते निसर्गपेक्षा क्यारचा अभ्यास आपल्याला जास्त शिकवणारा आहे.

एकेकाळी अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत मानला जायचा आणि ते चुकीचं नव्हतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी आणि त्यांचा एकूण कालावधी 80 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या 8 टक्क्यांनी घटलेली. अरबी समुद्राचं पाणी गेल्या चार दशकांत 1.2 ते 1.4 अंशांनी तापलं आहे. दर अंशामागे हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे लक्षात घेतलं की हा सव्वा-दीड अंशाचा हिशेब किरकोळ राहत नाही.

अंदाज का हुकतो, हेही समजून घ्यायला हवं, कारण हवामान खात्याला शिव्या घालणं आपल्याकडे फार सोपं आहे. वादळ कुठे जाणार हे ठरवतात आजूबाजूचे मोठे वारे, शेकडो किलोमीटर पसरलेले. ते मॉडेलांना चांगले दिसतात, म्हणून मार्गाचा अंदाज गेल्या वीस वर्षांत खूप सुधारला. पण वादळ किती माजणार हे ठरतं केंद्राजवळच्या पन्नासेक किलोमीटरच्या भागात, ढगांच्या भिंतीत. तिथे नेमकं काय चाललंय हे मोजायला भर समुद्रात काहीच नसतं. अटलांटिकमध्ये विमानं थेट वादळात घुसून मोजमाप करतात. आपल्या समुद्रांत तशी नेहमीची सोय नाही. इथे भरवसा उपग्रहाच्या चित्रांवर. ढगांचा आकार, गुंडाळी, डोळ्याची स्वच्छता यावरून वाऱ्याचा वेग ताडायची 1970च्या दशकातली एक पद्धत आहे, ड्वोराकची. ती आजही मुख्य आधार आहे. किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरच्या आत आलं की डॉप्लर रडार मदतीला येतं, पण तोवर बराच वेळ गेलेला असतो.

मच्छीमाराच्या बाजूने हिशेब मांडला तर गोष्ट अगदी उघडी पडते. ट्रॉलरचा वेग आठ नॉट धरा. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या बोटीला सरळ बंदर गाठायला दहा तास लागतात, तेही समुद्र शांत असेल तर. जाळी ओढून घ्यायचा वेळ वेगळा. लाटा उठायला लागल्या की वेग निम्म्यावर येतो. म्हणजे डिप्रेशनचं चक्रीवादळ झाल्यावर परतायला निघालेला तांडेल वादळाच्या शर्यतीत आधीच मागे पडलेला असतो. ओखीनंतर हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राने 2019मध्ये किनाऱ्यापासून दूर असलेल्या बोटींना उपग्रहावरून इशारे पोचवणारं छोटं उपकरण आणलं, ते याच दहा तासांसाठी. 2023च्या जूनमधलं 'बिपरजॉय'ही झपाट्याने माजलं होतं, पण ते दहा दिवस भर समुद्रात रेंगाळलं. त्यामुळे गुजरातेत लाखाहून जास्त माणसं आधीच हलवता आली.

तेव्हा हवामान खात्याचं पत्रक हाती आलं की आजचा वेग शेवटी वाचा. आधी पाहा, वादळ पुढचे 24 तास कुठल्या पाण्यावरून जाणार आहे आणि पत्रकात 'झपाट्याने तीव्र होण्याची शक्यता' असे शब्द आहेत का. शिअर कमी आहे, समुद्रातली उष्णता भरपूर आहे, असं लिहिलेलं असेल, तर पत्रकात दिलेल्या श्रेणीपेक्षा एक पायरी वरची तयारी धरून चाला. पत्रकं दर तीन तासांनी निघतात. रात्री आठचं वाचून झोपलात, तर अकराचं आणि दोनचं कुणीतरी वाचायला हवं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढेपर्यंत थांबू नये.